मालिकेचे वय कोण ठरवते?

२ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी झी टेलिफिल्म्स ही मुंबईची कंपनी शेअर बाजारात आली. बाजाराला तोवर कापड, सिमेंट, पोलाद यांचे हिशेब वाचायची सवय होती. गोदामात माल किती आणि त्याचा भाव काय, एवढे कळले की अंदाज बांधता येई. या नव्या कंपनीच्या गोदामात चित्रफिती होत्या. काल रात्री साडेआठला दाखवून झालेला मालिकेचा भाग आज सकाळी किती रुपयांचा, या प्रश्नाला बाजारभाव उत्तर देत नाही. उत्तर कंपनीनेच ठरवायचे आणि त्याला लेखाधोरण म्हणायचे. गेल्या तीस वर्षांत आपल्या वाहिन्यांचे तिमाही निकाल कसकसे बदलत गेले हे पाहू लागले, की पुनःपुन्हा याच प्रश्नाशी येऊन थांबावे लागते.

झीने आपल्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे दिलेले उत्तर साधारण असे आहे. बातम्या, गप्पांचे कार्यक्रम, सोहळे, क्रीडास्पर्धा यांचा खर्च पहिल्या प्रक्षेपणालाच पूर्ण खर्ची टाकायचा. मालिकांचा खर्च पहिल्या प्रक्षेपणाच्या वर्षापासून तीन आर्थिक वर्षांत विभागायचा. चित्रपटांच्या हक्कांचा खर्च हक्काची मुदत किंवा ६० महिने, यांत जे कमी असेल त्या काळात समान वाटायचा. यामागचा तर्क सरळ आहे. ज्या काळात उत्पन्न यायचे, त्याच काळात त्यासाठीचा खर्च दिसावा. ‘सैराट’सारखा चित्रपट वर्षानुवर्षे पुन्हा दाखवता येतो आणि दर वेळी जाहिराती मिळवतो. रोजच्या मालिकेचा भाग मात्र एकदा दाखवून झाला की त्याची कमाई बहुतांशी संपते.

धोरणाचा परिणाम किती मोठा, हे साध्या गणिताने कळते. समजा, एका मालिकेवर ९० कोटी खर्च झाले. सगळे पहिल्याच वर्षी खर्ची टाकले तर त्या वर्षाचा नफा ९० कोटींनी कमी दिसेल. तीन वर्षांत समान वाटले तर ३० कोटींनी. उरलेले ६० कोटी ताळेबंदात ‘साठा’ म्हणून बसतील. तिजोरीतून पैसे मात्र दोन्ही वेळा तितकेच गेलेले असतील.

वर्षातून एकदाच हिशेब द्यायचा असतो तेव्हा हे सगळे निवांतपणे ठरवता येते. १९९८च्या सुमारास सेबीने सूचिबद्ध कंपन्यांना तिमाही निकाल बंधनकारक केले आणि हा निवांतपणा संपला. मग प्रश्न आला की तिमाही हा वर्षाचा तुकडा मानायचा की स्वतंत्र काळ? तुकडा मानला तर वर्षाचा खर्च चार तिमाह्यांत सारखा पसरता येतो आणि आलेख गुळगुळीत दिसतो. स्वतंत्र मानला तर जे जेव्हा घडले ते तेव्हाच दाखवावे लागते. सनदी लेखापालांच्या संस्थेचे २५ क्रमांकाचे लेखामानक १ एप्रिल २००२पासून लागू झाले आणि त्याने बहुतांशी दुसरी बाजू घेतली. वर्षअखेरीला जी धोरणे वापराल तीच तिमाहीला वापरा. वर्षअखेरी जो खर्च पुढे ढकलता येणार नाही, तो तिमाहीअखेरीही ढकलू नका. हंगामी उत्पन्न आधीच धरू नका. प्राप्तिकरापुरती सवलत मिळाली. तिथे पूर्ण वर्षाच्या अंदाजी सरासरी दराने हिशेब करायचा.

वाहिन्यांना हा नियम टोचणारा होता, कारण त्यांचा धंदा हंगामी आहे. दिवाळीच्या आगेमागे जाहिरातदार हात सैल सोडतात, म्हणून ऑक्टोबर-डिसेंबरची तिमाही भरघोस असते. क्रिकेटचे तर विचारूच नका. २००६मध्ये झीने टेन स्पोर्ट्स चालवणाऱ्या कंपनीत निम्मा हिस्सा घेतला. परदेशी मंडळांचे सामने जसजसे खेळले जात, तसतसा हक्कांचा खर्च नावे पडे. मोठी मालिका ज्या तिमाहीत होई तिच्यात उत्पन्न वाढे, खर्च त्याहून वाढे आणि नफ्याला खड्डा पडे. पुढच्या तिमाहीत सामने नसले की नफा आपोआप सुधारलेला दिसे. आधीच्या तिमाहीशी तुलना करणारा वाचक हमखास फसायचा. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करणाराही वेळापत्रक बदलले की फसायचा. ऑगस्ट २०१६मध्ये हा क्रीडाव्यवसाय सोनीला ३८.५ कोटी डॉलरला विकायचे ठरले आणि झीच्या तिमाह्यांतला हा चढउतार थांबला.

त्याच वर्षी मात्र वेगळाच चढउतार आला. १ एप्रिल २०१६पासून मोठ्या कंपन्यांना आंतरराष्ट्रीय धर्तीची नवी मानके, म्हणजे ‘इंड-एएस’, लागू झाली. तिमाही निकालांसाठी त्यांतले ३४ क्रमांकाचे मानक आले. झीने २०१४मध्ये भागधारकांना एका समभागामागे २१ याप्रमाणे सहा टक्क्यांचे प्राधान्य समभाग बक्षीस दिले होते. जुन्या नियमांत ते भांडवल होते आणि त्यांवरचा लाभांश नफ्याच्या वाटपात जाई. नव्या नियमांनी त्यांना कर्ज ठरवले. कारण ठरावीक मुदतीत परत करायचा पैसा हा नाव काहीही असले तरी कर्जच. शिवाय हे समभाग बाजारात सूचिबद्ध होते, आणि झीच्या हिशेबात ते बाजारभावाने मोजले जाऊ लागले. त्यांचा भाव वाढला की कंपनीचे देणे वाढले, सबब तोटा. भाव उतरला की नफा. गुंतवणूकदारांचा कंपनीवरचा विश्वास वाढला म्हणून तिमाहीचा नफा घटायचा, असा उलटा प्रकार. मालिका, जाहिरात, प्रेक्षक यांपैकी कशाशीही त्याचा संबंध नव्हता. २०१८पासून हप्त्याहप्त्याने परतफेड होऊन २०२२मध्ये हे समभाग संपले, तोवर विश्लेषक ती ओळ वगळूनच नफा वाचत.

२०१८मध्ये महसुलाचे नवे मानक आले आणि प्रश्न वरच्या ओळीत शिरला. केबलवाल्याकडून वाहिनीला वर्गणी मिळते आणि वाहिनी त्याच केबलवाल्याला जागेचे भाडे देते. अशा वेळी वर्गणी पूर्ण दाखवून भाडे खर्चात टाकायचे, की वजा करून उरलेली रक्कमच महसूल म्हणायची? ग्राहकालाच पैसे देत असाल आणि त्या बदल्यात वेगळी सेवा मिळत नसेल, तर ते महसुलातून वजा करा, असे मानक सांगते. नफा तोच राहतो, पण नफ्याचे महसुलाशी असलेले प्रमाण बदलते.

तुलना आणखी अवघड करणारी गोष्ट चेन्नईत दिसते. झी चित्रपटांचे हक्क साठ्यात धरते आणि त्यांचा झिजलेला भाग कार्यचालनाच्या खर्चात टाकते. सन टीव्ही हेच हक्क अमूर्त मालमत्ता मानते आणि त्यांची झीज घसाऱ्याच्या ओळीत दाखवते. बाजारात ज्याला ‘एबिटा’ म्हणतात तो नफा घसाऱ्याच्या आधी मोजला जातो. त्यामुळे तोच चित्रपट झीचा एबिटा कमी करतो आणि सनच्या एबिटाला शिवतही नाही. दोन्ही पद्धती नियमांत बसतात. पण दोघींच्या एबिटाची टक्केवारी शेजारी मांडून चांगली कंपनी कोणती हे ठरवणारा, कंपन्यांच्या कामगिरीऐवजी हिशेबाच्या दोन पद्धतींची तुलना करत असतो.

या साऱ्याची कसोटी २०२०मध्ये लागली. झीचा साठा त्याआधीची काही वर्षे फुगत चालला होता. झी-५ या ऑनलाइन सेवेसाठी आणि चित्रपटांच्या हक्कांवर मोठा पैसा ओतला जात होता. मार्च २०२०अखेर तो पाच हजार कोटींच्या पुढे गेला. सेबीने वाढवून दिलेल्या मुदतीत, जुलैमध्ये, त्या तिमाहीचा निकाल आला तेव्हा सातशे कोटींहून अधिक निव्वळ तोटा दिसला. त्यात साठ्याचे मूल्य नव्याने आजमावल्यामुळे पडलेला अडीचशे कोटींहून अधिक भार होता, वसुलीची शाश्वती नसलेल्या येण्यांसाठीची तरतूदही होती.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. धोरण बदलले तर मागचे आकडे नव्याने मांडावे लागतात. अंदाज बदलला तर फक्त त्या क्षणापासून पुढे परिणाम दाखवायचा. चित्रपटाचे वय पाच वर्षांऐवजी तीन मानणे हा अंदाजातला बदल ठरतो. म्हणून मागच्या तिमाह्यांचे नफे छापले गेले तसेच राहतात आणि सगळे ओझे बदलाच्या तिमाहीवर आणि तिच्यापुढच्या तिमाह्यांवर येते. आधीच्या नफ्यांत जुन्या, उदार अंदाजाचा वाटा किती होता हे कुठेही लिहिलेले नसते.

गंमत म्हणजे, त्याच वर्षी कोरोनाच्या टाळेबंदीत दूरदर्शनने १९८७ सालचे ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले आणि चित्रीकरणे बंद पडलेल्या देशाने ते विक्रमी संख्येने पाहिले. कुठल्याही लेखाधोरणात तेहतीस वर्षांच्या मालिकेला वय उरलेले नसते. खासगी वाहिन्याही जुन्या भागांवरच दिवस काढत होत्या. जुन्या मालाला प्रेक्षक होते, पण जाहिरातदार नव्हते. एप्रिल-जून २०२०मध्ये झीचे जाहिरात उत्पन्न साठ टक्क्यांहून जास्त घटले. लेखापाल प्रेक्षक मोजत नाही, येणारा पैसा मोजतो. म्हणून साठ्याची किंमत कमी करणे आणि मालिका तुडुंब पाहिली जाणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

त्यानंतर सोनीशी विलीनीकरणाचा करार डिसेंबर २०२१मध्ये झाला आणि जानेवारी २०२४मध्ये मोडला. मधल्या तिमाह्यांत ‘अपवादात्मक बाबी’ या ओळीत विलीनीकरणाचा खर्च येत राहिला. लक्ष तिकडेच लागून राहिले. साठ्याचा प्रश्न मागे पडला.

या तीन दशकांत नियम नक्कीच घट्ट झाले. तिमाही निकालांवर लेखापरीक्षकाचा मर्यादित आढावा आला, २०१९पासून उपकंपन्यांसह एकत्रित तिमाही निकाल सक्तीचे झाले, रोकड प्रवाहाचे पत्रक सहामाहीला द्यावे लागू लागले. पण ताळेबंदही सहामाहीलाच येतो. म्हणजे जून आणि डिसेंबरच्या निकालांत नफा दिसतो, आणि ज्या साठ्याच्या अंदाजावर तो उभा आहे तो दिसत नाही. धोरणांचा पूर्ण मजकूर तर वार्षिक अहवालातच सापडतो. व्यवस्थापनाला अंदाज बांधू देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. मालिकेचे वय ठरवायला दुसरा मार्गच नाही. मागणी इतकीच असावी की दर तिमाहीला चार आकडे छापावेत: सुरुवातीचा साठा, त्यात घातलेली भर, खर्ची टाकलेली रक्कम आणि उरलेली शिल्लक. कंपन्यांकडे ते असतातच. त्यांच्याशिवाय तिमाहीचा नफा काढताच येत नाही.