शनिवार आणि मलिदा : सीमा ओलांडणारी स्मृती

मागच्या वेळी आपण जॉन लॉकपाशी थांबलो होतो. कालचा मी आणि आजचा मी एकच, हे कशावरून? लॉकचं उत्तर : स्मृतीवरून. आज हाच प्रश्न आपण समाजाला विचारू. देश बदलला, भाषाही सुटली, तरी समाज तोच राहतो का?

उदाहरण जवळचंच घेऊ, बेने इस्रायलांचं. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. बाकी बोली मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, केहीमकर. म्हणजे इथे त्यांना वेगळं ठरवत होता तो शनिवार.

१९४८ नंतर हळूहळू बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे शनिवार सगळ्यांचाच! मग वेगळेपण उरलं कशात? मलिद्यात. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून प्रेषित एलियाहूचं स्मरण करायचं, हा विधी त्यांनी कोकणातून नेला. इथे तो शेजाऱ्यांच्या नैवेद्यासारखाच दिसे; तिथे तीच त्यांची खूण झाली.

बघा, स्मृती तीच, पण सीमा ओलांडताच तिचं काम बदललं. आणि हा नुसता खाण्यापिण्याचा प्रश्न नव्हता. इतर ज्यूंशी लग्न करताना यांची वंशावळ तपासावी, असा आदेश १९६२च्या सुमारास तिथल्या धर्मपीठाने काढला. लोक रस्त्यावर उतरले. अखेर १९६४ साली, हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असं राज्यसंस्थेला जाहीर करावं लागलं. ज्यांनी शतकानुशतकं एकट्याने शनिवार जपला, त्यांनाच पुरावा मागितला गेला!

यान आस्मान हा जर्मन अभ्यासक सांगतो, तोंडी आठवण तीन-चार पिढ्या टिकते. पुढे ती विधीत, ग्रंथात उतरली तरच जगते. नातवंडांना मराठी येईलच असं नाही. मलिद्याचं ताट मात्र समोर येतं. आजीची भाषा गेली, तरी आजीचा हात ताटात राहतो.

तेव्हा ओळख म्हणजे गावाहून आणलेली कुलूपबंद पेटी नव्हे. नव्या शेजारात त्या पेटीतलं आपण काय बाहेर काढतो, त्यावर ती ठरते. आता आपणच स्वतःला विचारू : दारात आलेल्या परक्याकडे आपण पुरावा मागतो, की त्याची आठवण ऐकून घेतो?