गुलगुले : वाटण्यासाठीच तळायचं पक्वान्न

पेरण्या आटोपल्या, कपाशीच्या ओळी वर आल्या आणि पहिली डवरणी-निंदण उरकली की वर्धा जिल्ह्यातल्या गावांत आखाडीची तयारी सुरू होते. आषाढातल्या या सणाला मातामायला नैवेद्य दाखवायचा आणि घरी कढई चढवायची. वडे, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि गुलगुले. यातले गुलगुले कोणी मोजून करत नाही. घाणा उतरत जातो तशा वाट्या भरून शेजारी, चुलतघरी, सोबत निंदायला येणाऱ्या बायांच्या घरी पोरं पोहोचवत राहतात. “काकू, आईनं पाठवले” एवढं म्हटलं की पुरे. मात्र वाटी रिकामी परत येत नाही, तिच्यात निदान मूठभर दाणे तरी असतात.

साहित्य गरिबाच्या घरातही सापडावं असं आहे : कणीक, गूळ आणि तेल. या तिन्ही वस्तूंशी वर्ध्याचं जुनं नातं आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं मुख्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत आलं. जमनालाल बजाजांनी दिलेल्या या जागेला मगनलाल गांधींचं नाव मिळालं. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे मंत्री होते. जात्यावर दळलेलं कोंड्यासकट पीठ, साखरेऐवजी गूळ आणि गावच्या घाणीचं तेल हे संघाच्या कामातले महत्त्वाचे विषय. झवेरभाई पटेलांनी इथेच बैलघाणीत सुधारणा केल्या आणि ती पुढे ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखली गेली. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आजही मगनवाडीत आहे. गांधीजींना तळण पसंत नव्हतं आणि सेवाग्रामच्या आश्रमातलं जेवण साधं, बिनमसाल्याचं असे, हे खरं. तरीही वर्षातून चार-दोनदा तळायचंच असेल, तर मैदा-साखरेपेक्षा कणीक-गुळाचं तळावं, असं मी ठामपणे म्हणेन. गुळाची खमंग चव साखरेला येत नाही.

आता कृती. दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि साधारण एक वाटी पाणी लागतं. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, त्यात काडी-कचरा असतोच. पाणी थंड झालं की थोडं थोडं कणकेत घालत हातानं फेसावं. दोन चमचे रवा, चिमूटभर मीठ, भरडलेली सोप आणि वेलची घालावी. कणकेतला कोंडा पाणी हळूहळू पितो, म्हणून पीठ अर्धा-पाऊण तास झाकून ठेवावं आणि मगच पातळ-घट्टपणा ठरवावा. हाताच्या पाच बोटांतून सावकाश सुटेल, पण धार धरणार नाही, असं पीठ हवं. अगदी शेवटी पाव चमचा खायचा सोडा घालून पुन्हा फेसावं. गूळ किंचित आंबट असतो, त्याच्याशी सोड्याचा संयोग होऊन वायू सुटतो आणि गुलगुला आतून जाळीदार होतो. सोडा आधीच घालून ठेवला तर वायू तळणीआधीच निघून जातो.

खरी परीक्षा कढईत आहे. गुळामुळे पिठाला रंग फार लवकर चढतो. तेल कडकडीत असेल तर साल काळी पडते आणि आत कच्चं राहतं. थंड असेल तर गुलगुला तेल पितो. पिठाचा थेंब टाकून पाहावा. तो तळाशी जाऊन क्षणभरात वर आला तर आच बरोबर आहे. पीठ बोटांवर घेऊन अंगठ्यानं ढकलत तेलाच्या अगदी जवळून सोडावं. उंचावरून टाकलं तर शेपट्या फुटतात आणि तेलही उडतं. कढईत गर्दी करू नये. खालची बाजू तळून फुगली की ती हलकी होते आणि पुष्कळ गुलगुले आपणहून उलटतात. पाहत राहावं असं हे दृश्य आहे! न उलटलेल्यांना झाऱ्यानं हलकेच टोचावं. मध्यम आचेवर गडद तांबूस रंग आला की काढावेत आणि एक फोडून पाहावा.

जगभर अशा तळलेल्या गोळ्यांचा संबंध माणसं जमण्याशी आहे. नेदरलँड्समध्ये ३१ डिसेंबरला यीस्टनं फुगवलेले ओलीबोलन तळतात. अमेरिकेत डोनटच्या मधला काढलेला गोळा वेगळा तळून खातात, आणि कॅनडात टिम हॉर्टन्सनं १९७६ पासून तेच ‘टिमबिट्स’ म्हणून खोक्यांत भरून विकायला आणले. परदेशात राहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना माझं सांगणं आहे की, पोरांना ते जरूर खाऊ द्या, पण गुलगुल्यांना यीस्ट लागत नाही, साचा लागत नाही आणि तासाभरात सारी बिल्डिंग खाईल एवढे होतात.

यंदा दिवाळीच्या फराळात चकली-करंजीशेजारी चार गुलगुले ठेवून ताट शेजारी पाठवा. तळल्या दिवशीच पाठवा, कारण गुलगुले दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाहीत.