ओवा : गुण आणि मर्यादा

कांदा, लसूण व ओले आले वर्ज्य असलेल्या आपल्या स्वयंपाकघरात स्वाद आणि पचन या दोहोंचा भार हिंग, जिरे, सुंठ आणि ओवा यांच्यावर असतो. त्यांपैकी ओव्याचा दाणा लहान, पण गुण तीव्र. संस्कृतात त्यास यवानी व दीप्यक अशी नावे आहेत. दीप्यक म्हणजे जठराग्नी प्रदीप्त करणारा. चवीला तिखट-कडवट व गुणाने उष्ण असा हा ओवा आयुर्वेदाने दीपन, पाचन, वायूचे अनुलोमन करणारा आणि कृमिनाशक मानला आहे.

ओव्यात साधारणतः २ ते ४ टक्के सुगंधी तेल असते. त्याचा मुख्य घटक थायमॉल, म्हणजेच ओव्याचे फूल, जंतुनाशक आहे. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल एकत्र ठेवले असता तिन्ही घन पदार्थ आपोआप द्रवरूप होतात. हीच घरोघरची अमृतधारा. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा जर्मनीस जाई व तेथे त्यातून थायमॉल काढले जाई. आतड्यांतील अंकुशकृमींवर ते त्या काळी प्रमुख औषध होते.

ओव्याचे सामर्थ्य त्याच्या वासात आहे. तळहातावर चोळताच झणझणीत गंध न आला, तर तो माल जुना समजावा. घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवावा आणि पूड आयत्या वेळी करावी. पोट फुगल्यास पाव चमचा भाजलेला ओवा चिमूटभर सैंधवासह चावून वर कोमट पाणी घ्यावे. कुंडीतील जाड पानांचा पानओवा मात्र तुळशीच्या कुळातील निराळी वनस्पती आहे. तिच्या पानांची भजी करतात, दाणे मिळत नाहीत.

पित्तप्रकृतीच्या, आम्लपित्त वा अल्सर असलेल्या व्यक्तींनी ओवा बेतानेच घ्यावा. गर्भवतींनी वैद्यांच्या सल्ल्याविना औषधी मात्रेत घेऊ नये. तान्ह्या बाळाला ओव्याचा अर्क देऊ नये; धुरीचा धूरही त्याच्या कोवळ्या फुप्फुसांना अपायकारक असतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना पेढीवर दिवसभर बसणाऱ्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांसाठी. छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अशी लक्षणे दिसल्यास ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून ओवा चावत थांबू नये. हृदयविकाराच्या झटक्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. ओवा अपचनावरचा उपाय आहे, हृदयावरचा नव्हे. हा भेद घरातील प्रत्येकास ठाऊक असावा.