हेरॉन: आधी सुरुंग काढले, मग विमानं सांभाळली

नौदल म्हटलं की आपल्याला ‘विक्रांत’ आठवते. म्हणून ‘सी-प्लेन टेंडर’ हे नाव वाचल्यावर ती छोटी विमानवाहू नौका असावी, असं पुष्कळांना वाटतं. पण टेंडरवर धावपट्टी नसते. विमान उतरतं ते पाण्यावर, एखाद्या शांत खाडीत किंवा बेटाच्या आडोशाला. टेंडर तिथे नांगर टाकून उभी असते. पेट्रोल, बॉम्ब, सुटे भाग, दुरुस्तीची हत्यारं, वैमानिकांचं जेवण आणि झोपायची जागा हे सगळं तिच्यावर असतं. ती जिथे पोहोचेल तिथे हवाई तळ उभा राहतो.

अमेरिकी नौदलाची ‘हेरॉन’ ही अशीच एक बोट. तिची लांबी १८८ फुटांच्या आसपास होती आणि १९१८ मध्ये ती पाण्यात उतरली ती माइनस्वीपर म्हणून. इथेही एक चुकीची समजूत आहे: युद्ध थांबलं की सुरुंगांचा धोका संपला. पहिल्या महायुद्धात दोस्तांनी उत्तर समुद्रात सुमारे ७०,००० सुरुंग पेरले होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थांबल्या, सुरुंग तसेच राहिले. ते पाण्यावर तरंगत नव्हते. तळाशी वजन, त्याला तारेचा दोर आणि त्या दोराला पृष्ठभागाखाली बांधलेला स्फोटक गोळा, अशी त्यांची रचना. माइनस्वीपर पाण्याखालून तार ओढत नेते, सुरुंगाचा दोर कापते आणि वर आलेला सुरुंग गोळीबाराने नष्ट करतात. हे करताना सुरुंग जवळच फुटला तर बोटही जाते. १९१९ मध्ये ‘हेरॉन’ने हेच जिवावरचं काम केलं.

पुढे तिला टेंडर केलं, ते ती टाकाऊ झाली म्हणून नव्हे. ओझं ओढणारं दणकट इंजिन, मोकळं डेक आणि मोठ्या जहाजांना शिरता येत नाही अशा उथळ पाण्यात जाण्याची सोय हे सगळं तिच्यात आधीपासूनच होतं. १९२४ पासून ती अमेरिकेच्या आशियाई ताफ्यात सी-प्लेनची सेवा करत राहिली.

‘असल्या बोटी लढत नाहीत’ हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. दुसऱ्या महायुद्धात, ३१ डिसेंबर १९४१ रोजी ‘हेरॉन’ मोलुक्का बेटांच्या भागात एकटी होती. जपानी विमानांनी दिवसभर लाटांमागून लाटा हल्ले केले. तिच्यावर ४६ बॉम्ब आणि तीन टॉर्पेडो टाकले. कप्तान विल्यम केबलर बोट सतत वळवत राहिले. एका बॉम्बचा फटका बसला, दोन खलाशी गेले, पुष्कळ जखमी झाले. पण तिच्या तोफांनी एक भलं मोठं जपानी सी-प्लेन पाडलं आणि ती बंदरात परतली. केबलर यांना नेव्ही क्रॉस मिळाला. पुढच्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १९४२ ला, आपल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगाल’ या माइनस्वीपरने ‘ऑन्डिना’ या डच टँकरच्या साथीने दोन जपानी सशस्त्र जहाजांना तोंड दिलं. त्यांतलं एक, ‘होकोकू मारू’, बुडालं. मोठ्या युद्धनौकांची नावं पाठ करणाऱ्यांनी ही दोन नावंही लक्षात ठेवावीत, असं मला मनापासून वाटतं.

राहिला प्रश्न आपला, वाटूरकरांचा. परतूर तालुक्यातल्या वाटूरपासून मुंबईचा किनारा रस्त्याने चारशे किलोमीटरहून लांब. सुरुंगांचा इथे काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण १९०० च्या सुमारास मनमाडहून आलेली रेल्वे जालना-परतूरमार्गे पुढे गेली आणि या काळ्या मातीतल्या कापसाला मुंबई बंदराची वाट मिळाली. त्याच बंदराबाहेरच्या समुद्रात फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने सुरुंग पेरले. मालवाहू जहाजाच्या वेषात फिरणारं हे जहाज टेहळणीसाठी स्वतःचं सी-प्लेनही बाळगत होतं. सुरुंग पेरून ते निघून गेलं. त्यानंतर चार महिन्यांनी, २३ जून १९१७ ला, पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ मुंबईपासून सुमारे ५० मैलांवर त्यातल्याच एका सुरुंगाला धडकून बुडाली आणि तिच्यासोबत २३ माणसं गेली.