खो-खोचा चषक आणि शेवटची एस. टी.

१९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीत भारतीय महिलांनी नेपाळचा ७८-४० असा पराभव करून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. कर्णधारपद महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे यांच्याकडे होते. सत्कार झाले, ते उचितच होते. परंतु उद्याच्या खेळाडू जेथून यावयाच्या, त्या ग्रामीण महाविद्यालयांतील मुलींच्या संघांचा विचार त्या उत्साहात मागेच राहिला.

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावातून महाविद्यालयात जाणारी मुलगी संघात आली, की तिला पहिली चिंता पडते ती परतीच्या एस. टी.ची. सराव सायंकाळचा, एकदा शेवटची गाडी चुकली, की घरची संमतीही संपते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे खरे. पण सवलतीने गाडीची वेळ बदलत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले. तेव्हापासून दोन खांब आणि मोकळी जमीन एवढ्यावर तो वाढला. आता मोठे सामने मॅटवर होतात. मातीवर सराव केलेल्या मुलींना तेथे थेट उभे राहावे लागते. जिमखाना शुल्क मुलीही भरतात. त्यातील किती रक्कम त्यांच्या संघावर खर्च होते, हे विचारण्याचा त्यांना अधिकार नाही काय?

अमेरिकेत सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई केली. पुढे तेथे लॅक्रॉससारख्या खेळातही महिलांची राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाली. हक्काला कायद्याचे बळ असले, की अंदाजपत्रकातही त्याची दखल घ्यावी लागते.

खेळामुळे अभ्यास बुडतो, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. स्पर्धा आणि अंतर्गत परीक्षा एकाच दिवशी आल्या, तर मुलीने काय करावे? पात्र खेळाडूंसाठी राज्यात शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे; परंतु जेथे पदवी आवश्यक, तेथे अर्धवट शिक्षण घेऊन त्याचा लाभ मिळत नाही. म्हणून खेळाइतकीच पदवीचीही काळजी महाविद्यालयाने वाहिली पाहिजे.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. मुलींच्या संघाचा जमाखर्च दरवर्षी सूचनाफलकावर लावावा. स्पर्धेमुळे हुकलेली परीक्षा पुन्हा घ्यावी. आणि सरावाची वेळ गाडी पाहून ठरवावी. एवढे प्राचार्यांच्या एका आदेशाने होऊ शकते. तो आदेश या सत्रात निघावा.