जबडा जुळला, अस्तर हाडात राहिलं

वरचा जबडा फार पुढे आलेला किंवा मागे राहिलेला असेल, दातांवर दात बसत नसतील, तर सर्जन तो आडवा कापून मोकळा करतात, योग्य जागी सरकवतात आणि बारीक प्लेटा-स्क्रूंनी पक्का करतात. या छेदाला ‘ल फोर वन’ म्हणतात. चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर मोडतात, हे रने ल फोर या फ्रेंच सर्जनने १९०१ मध्ये दाखवलं. नाव त्यावरून आलं.

हा छेद गालामागच्या सायनसच्या, म्हणजे हवेच्या पोकळीच्या, भिंतींतून जातो. सायनसचं अस्तर ओलसर, सूक्ष्म लव असलेलं. हाडं जुळताना त्याचा एखादा तुकडा फटीत अडकला, तर तो तिथेही जगू शकतो आणि स्राव तयार करत राहतो. स्रावाला वाट नसते. मग स्रावाने भरलेली गाठ, म्हणजे सिस्ट, भोवतालचं हाड झिजवत सावकाश वाढते.

जपानमध्ये कुबो यांनी १९२७ मध्ये अशा गाठीचं वर्णन केलं. तिथे सायनसच्या जुनाट दाहावर ओठाखालून हाड उघडण्याची कॉल्डवेल-ल्यूक शस्त्रक्रिया सर्रास होत असे आणि पुढे दहा, वीस, कधी तीस वर्षांनी रुग्णाचा गाल सुजायचा. जबडा सुधारल्यानंतर हे क्वचितच होतं, पण कारण तेच. त्याहून विलक्षण म्हणजे अशी गाठ हनुवटीतही सापडली आहे, जिथे सायनसच नाही! नाकातून घेतलेल्या कलमासोबत किंवा वरच्या जबड्यात वापरलेल्या हत्यारांसोबत त्या पेशी खाली गेल्या असाव्यात, असं तज्ज्ञ मानतात.

लक्षणं फसवी असतात: गाल जड वाटणं, सूज, वरच्या दाढांत ठणका. दाताच्या मुळाची गाठ समजून चांगल्या दाढेचं रूट कॅनॉल होण्याचा धोका खरा आहे. म्हणून दाढ जिवंत आहे का, हे आधी तपासायला हवं. सीटी स्कॅनमध्ये गाठीचा विस्तार दिसतो, पक्कं निदान मात्र काढलेल्या अस्तराच्या तपासणीतूनच होतं. गाठ पूर्ण काढतात किंवा दुर्बिणीने नाकाच्या बाजूला वाट करून देतात.

घाबरून जबड्याची शस्त्रक्रिया टाळू नका. तिचा फायदा मोठा आहे. पण ऑपरेशनचे कागद आणि जुने एक्स-रे जपून ठेवा. पंधरा वर्षांनी गाल दुखला, तरी डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्या ऑपरेशनबद्दल स्वतःहून सांगा.