ओढ्याला पाणी आलं नाही तर...

एका इंग्रजी वाक्प्रचाराने माझी कशी फजिती केली ते सांगतो. इंटर्नशिपमध्ये आमच्या टीमला अमेरिकेतल्या एका इंजिनिअरकडून टेस्ट रिपोर्ट हवा होता. फोनवर तो म्हणाला, शुक्रवारी पाठवतो, 'गॉड विलिंग अँड द क्रीक डोंट राइज!' मी वहीत लिहिलं, 'शुक्रवार, नक्की.' त्या भरवशावर सोमवारचा डेमो ठरला. रिपोर्ट आला मंगळवारी! सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली ती मी.

चूक माझीच. क्रीक म्हणजे खाडी, एवढंच मला ठाऊक. ठाण्याची खाडी तर भरतीला रोज दोनदा चढते! काहीतरी विनोद असेल म्हणून सोडून दिलं. पण अमेरिकेत क्रीक म्हणजे ओढा. पूर्वी तिथल्या खेड्यांत रस्ते कच्चे, पूल कमी. जोराचा पाऊस झाला की पलीकडे जाणं बंद. म्हणून अर्थ असा, की देवाच्या मनात असेल आणि ओढ्याला पाणी आलं नाही, तर. थोडक्यात, इच्छा आहे, हमी नाही.

काही जण सांगतात, हा ओढा नव्हेच. क्रीक नावाच्या मूळ रहिवाशांनी उठाव केला नाही तर, असं बेंजामिन हॉकिन्स या सरकारी अधिकाऱ्याने लिहिलं होतं. गोष्ट रंगतदार, पण तिला पुरावा नाही. हॉकिन्सचं निधन १८१६ चं. हा वाक्प्रचार छापलेला दिसतो तो १८५१ च्या एका अमेरिकन मासिकात, तोही गावरान ढंगाच्या विनोदी भाषणात. 'डोंट' हे त्याच बोलीतलं. त्याचं 'डझंट' करत बसू नका!

वापर गप्पांमध्ये करा, अर्जात किंवा रिपोर्टात नको. आणि याच्या अगदी उलट आहे 'कम हेल ऑर हाय वॉटर', म्हणजे काहीही होवो, करणारच! यंत्रांच्या भाडेकरारात या नावाचं एक कलमच असतं: यंत्र बंद पडलं तरी भाडं भरायचं. पूर तोच, वचनं मात्र दोन टोकांची.

पावसाळ्यात आजीला 'कधी येशील?' विचारलं की ती म्हणायची, 'ओढा उतरला की येते.' आम्ही वाट बघायचो, पण तिला आणायला स्टँडवर कुणी जात नसे. मराठीत जे लहानपणीच कळत होतं, ते इंग्रजीत आलं तेव्हा 'म्हणजे काय?' एवढं विचारायला हवं होतं.